खुर्चीला दिलेला मान

आमच्या गावाच्या तोंडाशी मुन्सिपालटीनं नवी कमान उभारली आहे. आदिलाबादहून येणारी बस वळली की आधी तीच दिसते. निळा रंग, वर दिव्यांची माळ, आणि दोन्ही खांबांवर काळ्या दगडात कोरलेला गावाचा इतिहास. एका खांबावर तेलुगूत, दुसऱ्यावर इंग्रजीत. मराठीत एक अक्षर नाही, पण ते सोडा, त्याची आता सवय झाली आहे. मी ऑटो थांबवून दोन्ही खांब वाचले. तिथं लिहिलंय की पूर्वी इथं ओसाड माळ होता, मग कंपनी आली, तिनं जिनिंग काढलं, तेलाचा कारखाना काढला, साबणाचा काढला, आणि या ओसाडीतून हे शहर उभं राहिलं. ऑटोवाला मागून म्हणत होता, "चाला ना मॅडम, सवारी खोळंबून राह्यली." मी त्याच्यावरच ओरडले. त्या बिचाऱ्याचा काय दोष? पण ओरडायला दुसरं होतं कोण तिथं? आदिलाबादला घरी आले, चहासुद्धा घेतला नाही, आणि हे लिहायला बसले. गुडघे दुखतात, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. मुलं म्हणतात, आई, या वयात कशाला डोक्याला ताप करून घेतेस. घेते. डोकं माझं आहे.

ओसाड माळ म्हणे! ते आमच्या निंबाळीचं गायरान होतं. आमचं घर गावाच्या त्याच अंगाला, त्यामुळे, माय सांगायची, सकाळी उठलं की आधी दिसायचं ते गायरानच. पळसाची झाडं, मधोमध नाला, नाल्याच्या काठानं कमरेएवढं गवत. गावची सगळी जनावरं तिथं चरायची. गायरानाच्या अलीकडं मारुतीचं देऊळ, आणि देवळापुढं पोळ्याचं मैदान. कंपनीला कापसाचा मुलूख हवा होता, नाल्याचं पाणी हवं होतं आणि फुकट जमीन हवी होती. तिन्ही निंबाळीत सापडलं. तहसीलमधून माणसं आली, साखळ्या टाकल्या, पटवाऱ्यानं मान डोलावली आणि गायरान तारेच्या आत गेलं. जमिनीचा पट्टा कोणाच्याच नावावर नव्हता, तर विचारायचं कोणाला, असं आम्हाला सांगण्यात आलं. जनावरं कोणाच्या नावावर होती ते विचारलं असतं तर गावातल्या पोरासोरांनीही सांगितलं असतं.

मग गाव बदललं. लोक सांगतात शहर वाढलं; मी सांगते, आम्हाला गिळलं. आधी नाव गेलं. बसवर 'मिल' अशी पाटी लागली, कंडक्टर 'मिल, मिल' ओरडायला लागला, आणि काही दिवसांनी आमचीच माणसं परगावी विचारलं की सांगायला लागली, "मी मिलचा." कॉलनी झाली, कॉलनीला भिंत झाली. भिंतीच्या आत नळाला दोन्ही वेळ पाणी, बाहेर आमच्या विहिरीत साबणाचा फेस. साहेब लोक कोस्त्याकडले, म्हणजे समुद्रकाठच्या आंध्रातले, मिस्त्री गुजरातचे, हमाल कुठून कुठून आलेले. निंबाळीची माणसं ढेपेच्या, म्हणजे सरकीच्या पेंडीच्या, गोदामात, नाहीतर गेटवर काठी घेऊन. कचेरीत काही मागायला जावं तर उत्तर ठरलेलं, "रेपु." म्हणजे उद्या. आमच्या गावानं तेलुगूतला पहिला शब्द शिकला तो हाच. आणि माणसं भोळी अशी, की खरंच दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची.

घरात मात्र सगळं मायच्या तालावर चालायचं, आणि माय भोंग्याच्या. सकाळचा भोंगा झाला की तवा चुलीवर. दादा, माझा मोठा भाऊ दिगंबर, दिवसपाळीला जायचा, त्याच्या डब्याला जवारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, वर ठेचा. भाकरी थापताना मायच्या बांगड्यांचा एक आवाज यायचा, तो ऐकत मी अंथरुणात पडून राहायचे. कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगमधून रुई उडायची. दारावर रुई, दोरीवरच्या लुगड्यावर रुई, वरणात रुई. माय वरणाच्या भांड्यावर फडकं बांधायची आणि कंपनीच्या नावानं बोटं मोडायची. तेलाच्या कारखान्याचा वास मात्र कशानंच झाकला जायचा नाही. सरकी उकळल्याचा तो जड, गोडसर वास पाण्यात, केसांत, देवाच्या प्रसादात. माझं लग्न होऊन मी आदिलाबादला आले तेव्हा सासूबाईंनी माझी पेटी उघडली आणि नाक मुरडलं. मला कळेचना, कशाचा वास म्हणतात त्या.

बाबा गावचे पटेल. पटेलकी केव्हाच संपली होती, पण गाव त्यांना पटेलच म्हणायचं, आणि पटेलकीतली एक गोष्ट अजून त्यांच्याकडं होती, ती म्हणजे पोळ्याचा मान. पोळ्याच्या दिवशी मैदानात दोन खांब रोवून आंब्याच्या आणि पळसाच्या पानांचं तोरण बांधायचं, गावच्या सगळ्या बैलजोड्या त्याच्याखाली रांगेनं उभ्या करायच्या. पटेलाची जोडी पुढं. पटेलानं तोरण तोडलं की पोळा फुटला. मग बैल घरोघर जाणार, दारात बायका त्यांचे पाय धुणार, ओवाळणार, पुरणपोळी भरवणार. तोरण तुटल्याशिवाय बैलांच्या तोंडाला घास लावायचा नाही. बैल जेवल्याशिवाय घरातल्यांनी जेवायचं नाही. आदल्या दिवशी खांदे लोण्यानं मळताना बैलांना जेवणाचं आवतन दिलेलं असतं. एकदा आवतन दिलं की तो पाहुणा.

आणि हा मान बाबांनी देऊन टाकला. कंपनी उभी राहिली त्या पहिल्या पोळ्याला बाबांनी मोठ्या साहेबांना मैदानात बोलावलं. ते पहिले साहेब बोलायला गोड होते. हात जोडून म्हणाले, "हर घर से एक आदमी लेंगे, पटेलजी. पक्की नोकरी." गाव पाघळलं. बाबांनी स्वतःच्या डोक्याचा फेटा काढून साहेबांच्या डोक्यावर ठेवला, तोरणाची दोरी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "आजपासून तोरन तुमच्या हातानं." बैलांसमोर, तोरणाखाली, गावासमोर. असा दिलेला मान आमच्याकडं परत मागता येत नाही. ज्याला दिला त्यानं आपल्या तोंडानं परत केला तरच. साहेबांनी तोरण तोडलं, फोटो काढला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तेव्हा बाबांच्या खांद्यावर होते आणि मीही टाळ्या वाजवल्या म्हणे.

यात आमच्या लोकांनी जी चूक केली, ती दुसऱ्या कोणी केली नसती. पटेलकी बापाकडून लेकाकडं जाते ना, तसं त्यांनी धरलं की साहेबकीही जाते. पहिले साहेब बदलून गेले, दुसरे आले. गावानं मान दुसऱ्यांचा धरला. ते गेले, तिसरे आले, मान तिसऱ्यांचा. साहेबांना यातलं काय समजतं, कोणी विचारलं नाही. मान खुर्चीला दिला होता आणि खुर्ची तर जागच्या जागी होती! कधी साहेब आले, कधी दुपार टळून गेल्यावर आले, कधी जीपमधून खाली न उतरता दोरी ओढून गेले. गाव उभं राहायचं, बैल उभे राहायचे. आणि दर वर्षी निरोप घेऊन यायचा तो लेबर साहेब. हा मराठी माणूस, नांदेडकडचा, आपल्याच भाषेत गोड बोलणारा. मला कोस्त्याकडच्या साहेबांचा राग आहेच, पण याचा जो राग आहे त्याला तोड नाही. परका माणूस आपल्याला ओळखत नाही, ठीक आहे. हा तर सगळं ओळखून होता.

दादा ढेपेच्या गोदामात होता, टेंपररी. ढेपेची पोती उचलून त्याच्या खांद्यावर काळे घट्टे पडले होते. घरातून एक पक्का माणूस घेण्याचं जे वचन होतं, ते आमच्या घरात दादाचं होतं. गायरान गेल्यावर बाबांनी बाकीची जनावरं विकली होती, कोरडवाहू तुकडा उरला होता, त्यात सगळ्यांचं भागणं शक्य नव्हतं. नार्नूरकडच्या एका घरी दादाची सोयरीक जुळत आली होती, पण मुलीच्या बापानं स्पष्ट सांगितलं होतं, पोरगा पर्मनंट झाला की सुपारी फोडू. मी आता जो पोळा सांगतेय, त्या वर्षी लेबर साहेबानं दादाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "दिगंबर, दसऱ्याच्या आत तुझं काम होतंय बघ. नवे साहेब आलेत, त्यांच्या मनात गावाबद्दल काही वाईट येऊ देऊ नका." दादा घरी येऊन ते सांगताना हसत होता. तो हसला की त्याचे कान लाल व्हायचे. मायनं त्या दिवशी त्याच्या ताटात तूप जास्त वाढलं.

पोळ्याच्या दिवशी पावसानं उघडीप दिली होती आणि ऊन असं की अंगाची लाही होत होती. माय पहाटेपासून पुरणावर होती. बाबांनी आमच्या जोडीला, पवळ्याला आणि चांद्याला, तारेबाहेर वाहत येणाऱ्या नाल्यावर नेऊन धुतलं, शिंगं रंगवली, झुली घातल्या. पवळ्या म्हातारा झाला होता, मागचे पाय धरत नव्हते, तरी पटेलाची जोडी म्हणून पुढं तोच. दुपारी डफडी वाजायला लागली, घुंगरमाळांचा आवाज गल्लीगल्लीतून मैदानाकडं गेला. आम्हा मुलींना देवळाच्या ओट्यापर्यंत मुभा, त्यापुढं नाही. बायकांनी तर घरीच थांबायचं. मी ओट्यावर बसून सगळं पाहत होते. सगळ्या जोड्या लागल्या. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाल्या. साहेबाचा पत्ता नाही.

दादा ड्यूटीवरून पळत आला. खाकी कपड्यांवर ढेपेची भुकटी. "लेबर साहेब म्हनते, मोठे साहेब येऊनच राह्यले. थांबा." गाव थांबलं. डफडीवाले थकून खाली बसले. बैलांच्या तोंडाला फेस आला. दादा पुन्हा आला, "निघालेच हायेत. जरासं थांबा." पुन्हा गेला, पुन्हा आला. ऊन कललं. पवळ्याचे मागचे पाय थरथरायला लागले, तो एकदा खाली बसला, बाबांनी त्याला शेपटीला धरून उठवलं. आपल्या हातानं! सकाळी ज्याला न्हाऊ घालून सजवलं त्याला! एक जण म्हणाला, "पटेल, बैलायले आवतन देऊन उपाशी मारता का बे आपन? तोडा ना तोरन." बाबा म्हणाले, "मान देल्ला हाय. ह्या तोंडानं देल्ला हाय." दादा हात जोडून उभा राहिला, सगळ्यांसमोर. "बाबा, तुमच्या पाया पडतो. आज तोरन तोडलं तर माही पर्मनंट गेली समजा. थोडंसं थांबा ना." आणि बाबा थांबले. बाकीच्यांनीही कासरे धरून ठेवले. मला त्या ओट्यावर बसून असा संताप आला होता, आणि तो नेमका कोणाचा, बाबांचा, दादाचा की न येणाऱ्या त्या साहेबाचा, ते आजही मला नीट सांगता येणार नाही.

तेवढ्यात गल्लीतून माय आली. एका हातात पुरणपोळीचं ताट, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. डोक्यावर पदर, पण चाल सरळ. बाईमाणूस पोळ्याच्या मैदानात आलेलं गावानं कधी पाहिलं नव्हतं. माणसं आपोआप बाजूला झाली. बाबा म्हणाले, "तू काऊन आली वो इथं? घरी जाय."

माय म्हणाली, "पाव्हने घरी नाई आले म्हनून पाव्हन्यायकडं आली."

"साहेब येऊन राह्यले."

"येऊ द्या. त्यायचं पोट भरेल असन. याचं नाई." तिनं ताट माझ्याकडं दिलं. मी ओट्यावरून केव्हा उतरले मला कळलंही नव्हतं. दादा आडवा आला. "माय, नोको. माही नौकरी जाईन, माय." तिनं त्याच्या तोंडावरची भुकटी पदरानं पुसली, त्याला हातानं बाजूला सारलं आणि तोरणाची दोरी धरून अशी ओढली की एक खांबच उपटून खाली आला. मग ती पवळ्यापुढं गेली, पायांवर पाणी घातलं आणि पोळी त्याच्या तोंडात दिली. म्हातारा बैल तिच्या हातासकट खायला निघाला, इतका भुकेजला होता.

कोणी टाळी वाजवली नाही. डफडी वाजली नाहीत. लोक आपापले बैल घेऊन मुकाट घरी गेले, आणि जाताना मायकडं असे पाहत गेले, जशी काही तिनंच दुपारपासून सगळ्यांना ताटकळत ठेवलं होतं. हे मी विसरलेले नाही. घरी पुरणपोळी होती, कढी होती, वडे होते. जेवलं कोणी नाही. दादा दारात उभा राहून म्हणाला, "माय, तू माह्या पोटावर पाय देल्ला," आणि परत ड्यूटीवर गेला. बाबांनी मायशी बोलणं सोडलं. माय चुलीपुढं बसून होती. तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं. मी जवळ गेले तर म्हणाली, "जेवून घे. बैल जेवले हायेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी स्वतःच्या हातानं पितळी डब्यात पुरणपोळ्या भरल्या, नवा फेटा बांधला आणि मला म्हणाले, "शकू, चाल. साहेबाची माफी मांगून येऊ." मलाच का, तर गावातल्या मराठी शाळेत वरचे वर्ग नव्हते आणि पुढची शाळा कॉलनीतली, तेलुगू, त्यामुळे मला साहेबांची भाषा बोलता येत होती. मला जायचं नव्हतं. मी मायकडं पाहिलं. तिनं डब्यावर झाकण घट्ट बसवलं आणि डबा माझ्या हातात दिला. मी गेले.

कचेरीच्या व्हरांड्यात लेबर साहेब आडवा आला. "पटेल, अहो एवढ्याशा गोष्टीसाठी मोठ्या साहेबांना कशाला त्रास? मी सांगतो ना त्यांना. उद्या या." बाबांनी आयुष्यात कधी कचेरीत आवाज चढवला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही. फक्त म्हणाले, "मान त्यायचा होता, माफी त्यायलेच मांगन," आणि चालत राहिले. लेबर साहेबाचा चेहरा उतरला. तो आमच्या मागं मागं आत आला.

नवे साहेब वाईट माणूस नव्हते. खोटं कशाला लिहू? त्यांनी बाबांना खुर्ची दिली. बाबा बसले नाहीत. टेबलावर डबा ठेवून, झाकण उघडून, हात जोडून म्हणाले, "साहेब, काल आमच्या घरच्या बाईमाणसाच्या हातून चूक झाली. तुमची वाट न पाहता तोरन तोडलं. गावाच्या वतीनं माफी मांगतो. माह्या पोरावर राग धरू नोका." मी ते तेलुगूत सांगितलं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं आणि विचारलं, "ए पंडुग?" म्हणजे, कोणता सण?

मला वाटलं मीच काही चुकीचं बोलले. पुन्हा सांगितलं. पोळा, बैल, तोरण, तुमचा मान, काल दुपारपासून गाव थांबलं होतं. साहेबांनी लेबर साहेबाकडं वळून विचारलं हे काय प्रकरण आहे. लेबर साहेब जमिनीकडं पाहत म्हणाला, "लोकल फंक्शन, सर. स्मॉल." त्यानं साहेबांना सांगितलंच नव्हतं. साहेबाच्या कानावर गावचं आवतन घालण्याची त्याची छाती झाली नव्हती, आणि साहेब येणार नाहीत हे गावाला सांगण्याचीही झाली नव्हती. म्हणून दादाला गेट ते मैदान पळवत राहिला. तेवढ्यासाठी अख्ख्या गावचे बैल उन्हात उभे! तेवढ्यासाठी पवळ्याची शेपटी पिरगाळली!

"काय म्हनते साहेब?" बाबांनी विचारलं.

"त्यायले ठाऊकच नाई, बाबा. त्यायले कोनी सांगतलंच नाई."

बाबांनी डोक्यावरचा फेटा सारखा केला. मग म्हणाले, "विचार त्यायले, मान परत देता का." मी विचारलं. साहेब हसले, दुष्टपणानं नाही, जसं लहान पोराच्या बोलण्याला हसतात तसं, आणि म्हणाले, घेऊन जा, मला त्याचं काय करायचंय, कंपनीची काहीच हरकत नाही. त्यांचा एक हात फोनवर गेला होता. बाबांनी शेवटचं विचारलं, दिगूच्या पर्मनंटचं. साहेबांना दिगंबर कोण तेही माहीत नव्हतं. ते म्हणाले, गोदामाचं काम दसऱ्यापासून ठेकेदाराकडं जाणार आहे. तिथं कोणालाच पक्कं घ्यायचं नाही, हे वरून फार आधी ठरलंय. लेबर ऑफिसरना माहीत आहे.

लेबर साहेब माझ्या कानाशी येऊन हळूच मराठीत म्हणाला, "पोरी, हे नको सांगूस. पटेलांना लागेल." त्या क्षणी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर हेच केलं होतं त्यानं, वरचं खाली येऊ द्यायचं नाही आणि खालचं वर जाऊ द्यायचं नाही, आणि याला तो दया समजत होता! मी मोठ्यानं, कचेरीतल्या सगळ्या बाबूंना ऐकू जाईल असं, एकेक शब्द बाबांना सांगितला. कोणालाच घेणार नाहीत. आधीच ठरलंय. याला माहीत होतं. हा रोज दादाला खोटं सांगून राह्यला. पुढं मी किती वर्षं वर्गात शिकवलं, पण इतकं स्वच्छ कधी बोलले असेन असं वाटत नाही.

साहेबांनी तोपर्यंत, पाहुण्याचा अपमान नको म्हणून, एका पोळीला हात घातला होता. बाबांनी डबा उचलला. साहेबांच्या हाताखालून उचलला. आमच्या भागात कोणापुढं ठेवलेलं अन्न माणूस मेला तरी परत घेत नाही, आणि बाबा तर दारी आलेल्या वैऱ्यालाही ताक दिल्याशिवाय न सोडणारे. त्यांनी झाकण लावलं आणि म्हणाले, "हे बैलायचं हाय." साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी तेही तेलुगूत सांगितलं.

पुढं मैदान ट्रकांच्या पार्किंगला जाईपर्यंत, म्हणजे जितके पोळे झाले तितके, तोरण मायनंच तोडलं. कोणी बैठक घेऊन ठरवलं नाही. त्या दिवशी घरी गेल्यावर बाबांनी चुलीपुढं डबा ठेवला आणि तिच्याजवळ जमिनीवर बसले, एवढंच.

पण घरी पोचण्याआधी गेट लागलं. दादा गेटबाहेर पाळीच्या माणसांत उभा होता. आम्हाला पाहून पुढं आला, कान लाल झालेले. "काय म्हनले साहेब? माफ केलं ना?" बाबांनी मला पुढं केलं. मग मीच सांगितलं. दादानं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं तो ओरडेल, लेबर साहेबाच्या अंगावर धावून जाईल, निदान एक दगड तरी मारेल त्या भिंतीला. मी त्याच्या जागी असते तर मारला असता. बाबा म्हणाले, "घरी चाल, दिगू."

"घरी येऊन काय करू, बाबा? बैल चारू? कुठं चारू?"

दादानं बाबांच्या हातातला डबा उघडला, एक पोळी काढली, उभ्याउभ्या खाल्ली. कालपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. बोटं चाटली, हात पँटला पुसले. भोंगा झाला आणि तो वळून आत जायला लागला. मी ओरडले, "दादा, नोको जाऊ! ते तुले घेऊन नाई राह्यले!" त्यानं मागं न पाहता हात हलवला. तो ज्या वाटेनं गोदामाकडं गेला, त्याच वाटेनं पूर्वी आमची जनावरं नाल्यावर जायची. वॉचमन आमच्या गल्लीतलाच होता. त्यानं बाबांना रामराम केला आणि गेट लावून घेतलं.